चावी द्या, सल्ले आवरा

हिंजवडीतल्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या तळघरात, एसयूव्हींच्या रांगेत मध्येच एक कव्हर घातलेली बुटकी गाडी दिसते. कव्हर उचललं की खालून निघते आजोबांची प्रीमिअर पद्मिनी, सासऱ्यांची अँबॅसॅडर, नाहीतर पहिली नोकरी लागल्यावर हौसेनं घेतलेली जुनी मारुती ८००. दर रविवारी मालक ती बाहेर काढतो, पुसतो, मारुंजीपर्यंत फिरवून आणतो. शेजारच्या सीटवर बायको असते, कधी बहीण, कधी मुलगी. तिच्याकडे लायसन्स असतं आणि आठवडाभर ती स्वतःची ऑटोमॅटिक घेऊन ऑफिसला जाते. या गाडीच्या स्टिअरिंगवर मात्र ती कधी बसलेली नसते. ‘तू चालव की’ असं दोन-चारदा म्हणून झालेलं असतं, आणि ‘नको बाई, तुझी गाडी तूच सांभाळ’ हे उत्तरही ठरून गेलेलं असतं.

काही घरांत हे चित्र उलटं असतं. माहेरची फियाट लेकीकडे येते, ती ती सराईतपणे चालवते, आणि ऑटोमॅटिकवर वाढलेले जावईबापू शेजारी बसून मोबाइल बघतात.

नकाराचं कारण क्लच आहे, असं मालक धरून चालतो. क्लचची धास्ती असते, नाही असं नाही. पण ती थोड्या सरावानं जाते. जास्त अडवतात त्या दोन गोष्टी. आपल्या हातून या लाडक्या गाडीला काही झालं तर आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल, ही एक. आणि शेजारी बसून प्रत्येक हालचाल निरखणारा माणूस, ही दुसरी. म्हणजे शिकणाऱ्यापेक्षा शिकवणाऱ्यालाच गृहपाठ जास्त आहे. गाडी आधी दुरुस्त करणं, योग्य जागा शोधणं, तोंड आवरणं आणि वेळ आली की गाडीतून उतरणं, ही सगळी कामं मालकाची.

जमेल का, हा प्रश्नच जुना

मोटारीचा पहिला मोठा प्रवास ज्या बाईनं केला तिनं नवऱ्याची परवानगी घेतली नव्हती. ऑगस्ट १८८८मध्ये बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना, ऑयगेन आणि रिचर्डला, घेऊन कार्ल बेंझ यांच्या तीनचाकी मोटारीतून जर्मनीतल्या मानहाइमहून फोर्झहाइमला गेल्या. अंतर शंभर किलोमीटरहून थोडं जास्त. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीच्या पिनेनं साफ केली. इंधन संपत आलं, तेव्हा वीसलोखमधल्या औषधाच्या दुकानातून लिग्रॉइन घेतलं. ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. चढावर गाडी दमते, हे घरी परतल्यावर त्यांनी कार्लना सांगितलं आणि पुढे गाडीला चढासाठी आणखी एक गिअर आला. हौशी मालकांनी यातून एक गोष्ट उचलावी : दुसऱ्या माणसानं गाडी चालवली की मालकाच्या अंगवळणी पडलेले दोष त्याला लगेच दिसतात.

पुण्यातलं उदाहरण जवळचं आहे. परभणीहून आलेल्या शीला डावरे यांनी १९८८मध्ये पुण्याच्या रस्त्यांवर रिक्षा चालवायला सुरुवात केली. देशातल्या पहिल्या महिला रिक्षाचालक म्हणून त्यांची नोंद झाली. रिक्षाला क्लच आणि गिअर दोन्ही हातानं सांभाळावे लागतात आणि गर्दी तर पुण्याची. त्यापुढे पद्मिनीचा गिअर काही अवघड नाही.

डावा पाय विसरलेली पिढी

२०१४ हे साल या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखं आहे. जानेवारीत मारुती ८००चं उत्पादन थांबलं. फेब्रुवारीत सेलेरिओ आली आणि तिच्याबरोबर स्वस्तातला ऑटो गिअर शिफ्ट सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला. मे महिन्यात उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसॅडरची निर्मिती बंद पडली. त्यानंतर गाडी शिकलेल्या अनेकांनी शिकताना वापरलेला क्लच पुन्हा कधी दाबलेलाच नाही. वाकडच्या पुलापासून फेज टूपर्यंत संध्याकाळी रांगत जायचं असेल, तर ऑटोमॅटिक घेणाऱ्याला कुणी नावं ठेवू नयेत.

कायद्याची अडचण इथे नाही. इंग्लंडमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली, तर मॅन्युअल चालवता येत नाही. आपल्याकडे ‘लाइट मोटर व्हेइकल’ हा एकच वर्ग आहे आणि त्या लायसन्सवर दोन्ही चालतात. कायदा मोकळा आहे, डावा पाय मात्र तयार नसतो.

म्हणून पहिला नियम असा : क्लच आणि जुनी गाडी या दोन गोष्टी एकाच दिवशी, एकाच गाडीवर शिकवू नयेत. पायाची सवय मोडली असेल, तर आधी जवळच्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये थोडे दिवस रिफ्रेशर घ्यावा. तिथल्या गाडीत शिक्षकाच्या पायाखालीही ब्रेक आणि क्लच असतो. गाडी दहा वेळा बंद पडली तरी कुणाच्या आजोबांच्या आठवणींना धक्का लागत नाही. शिवाय शिक्षक परका असतो. त्याच्यासमोर चुकायला लाज कमी वाटते.

आधी गाडी शिकवण्यालायक करा

जुन्या गाडीचा मालक गाडीच्या खोडींशी इतका जुळवून घेतो, की त्या खोडी आहेत हेच विसरतो. ‘चावी फिरवायच्या आधी दोनदा पंप मार’, ‘ब्रेक दाबलास की स्टिअरिंग जरा उजवीकडे धर’, ‘तिसरा टाकताना हलकेच ओढ.’ असल्या सूचना सांगाव्या लागत असतील, तर गाडी मेकॅनिककडे न्यायला हवी. नवशिक्याला गाडी आणि तिच्या सवयी दोन्ही एकदम पेलत नाहीत.

पाहायच्या गोष्टी मोजक्या आहेत. कार्बोरेटर ट्यून करून घ्या. इंजिन गरम झाल्यावर गाडी न्यूट्रलमध्ये रेस न देता शांत चालत राहिली पाहिजे, कारण गाडी सतत बंद पडण्याचं निम्मं पाप कच्च्या आयडलिंगचं असतं आणि खापर शिकणाऱ्यावर फुटतं. क्लचचा फ्री प्ले नीट करून घ्या. चारही चाकांचे ब्रेक सारखे लागतात का पाहा. पद्मिनी, अँबॅसॅडरसारख्या गाड्यांना ड्रम ब्रेक असतात. एका बाजूचा ब्रेक जास्त धरला, की गाडी त्या बाजूला ओढते.

त्यानंतर बसण्याची सोय. जुन्या गाड्यांचं पुढचं सीट मालकाच्या उंचीला एकदा बसवलं, की वर्षानुवर्षं तिथेच गंजून राहतं. ते सरकतं करा. क्लच तळापर्यंत दाबताना कंबर पुढे घसरत असेल, तर पाठीमागे घट्ट उशी द्या. डाव्या बाजूला आरसा नसेल तर बसवून घ्या. मूळ रूपाच्या प्रेमापोटी तो नाकारू नका, कारण हिंजवडीत दुचाकी डावीकडून येतात, उजवीकडूनही येतात. सीटबेल्ट नसतील, तर चांगल्या कारागिराकडून मजबूत जागी अँकर करून ते लावून घ्यावेत.

आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, डायफ्रॅम आणि सील त्यासाठी बनलेले नव्हते. ते कडक होतात, फुगतात, गळतात. शिकवणी सुरू करण्यापूर्वी हे पाइप बदलून घ्या आणि गाडीत चालू स्थितीतलं छोटं अग्निशामक ठेवा.

कागद एकदा उघडून बघा

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि पुढे दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते. ती तारीख, पीयूसी आणि विमा तपासून घ्या. विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत वैध लायसन्स असलेली कोणतीही व्यक्ती मालकाच्या संमतीनं गाडी चालवू शकते. पण पॉलिसीतलं ‘ओनर ड्रायव्हर’चं १५ लाखांचं अपघात संरक्षण फक्त नोंदणीकृत मालकाला लागू असतं. बायको, भाऊ किंवा मुलगी गाडी चालवणार असेल, तर त्यांच्यासाठी वेगळं अपघात संरक्षण घ्यावं. फार महाग नसतं आणि बहुतेक घरांत राहूनच जातं.

५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय झाली. शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि नव्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं, देखभाल अशा कामांपुरतीच ती बाहेर काढता येते. घरच्या माणसानं गाडी मोकळेपणानं चालवावी असं वाटत असेल, तर नेहमीची नोंदणी चालू ठेवणं सोयीचं. व्हीएचा मोह पडण्यापूर्वी हे गणित नक्की करावं.

शिकणाऱ्याकडे अजून लर्निंग लायसन्सच असेल, तर पुढे-मागे पांढऱ्यावर लाल ‘एल’ हवा आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती हवी. आयटी पार्कातले रिकामे रस्तेही सार्वजनिकच आहेत. ‘इथे कोण बघतंय’ ही सबब अपघातानंतर चालत नाही.

रविवार, सकाळी साडेसहा

हिंजवडीचा एक फायदा पुण्याच्या पेठांना नाही. इथली गर्दी ऑफिसच्या घड्याळावर चालते. सोमवार ते शुक्रवार शिवाजी चौकात आणि भूमकर चौकात नवशिक्यानं फिरकूच नये. रविवारी पहाटे मात्र राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या फेज थ्रीतले रुंद रस्ते मोकळे असतात. मेट्रोची तिसरी मार्गिका माण ते शिवाजीनगर अशी या भागातून जाते, त्यामुळे वळणं आणि बॅरिकेड जागा बदलत राहिली आहेत. आदल्या दिवशी एक चक्कर मारून मार्ग ठरवून ठेवावा. सकाळी चालायला येणारे, सायकलवाले आणि भटकी कुत्री यांची वेळही तीच असते, हे लक्षात ठेवावं.

पहिला धडा इंजिन बंद ठेवूनच द्यावा. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगला लागून असतो. जमिनीतल्या गिअरची सवय असलेल्या हाताला तो पहिल्यांदा अनोळखी वाटतो. पुढचे चार गिअर, न्यूट्रल आणि रिव्हर्स हा सगळा क्रम पार्किंगमध्ये, क्लच दाबून, आधी बघत आणि मग न बघता फिरवू द्या. हात आपोआप जाऊ लागला, की मगच चावी फिरवा.

दुसऱ्या धड्यात ॲक्सिलरेटरला हातच, म्हणजे पायच, लावायचा नाही. सपाट रस्त्यावर पहिला टाकून क्लच इतका सावकाश सोडायचा, की गाडी स्वतःहून रांगू लागेल. मग पुन्हा दाबून थांबायचं. क्लच नेमका कुठे धरतो, हे पायाला यातून कळतं. कंटाळवाणा वाटला तरी हा सराव सोडू नये.

तिसरा धडा खास जुन्या गाडीचा. पद्मिनीच्या मूळ गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्याला सिंक्रोमेश आहे, पहिल्याला नाही. गाडी चालू असताना पहिला टाकायला गेलं, की खरखर असा आवाज येतो आणि मालकाच्या काळजात धस्स होतं. सुरुवातीला सोपा नियम द्या : गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला नाही. पुढे हात बसला की डबल डीक्लचिंग शिकवा. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून हलकी रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. ऑटोमॅटिकवाल्यांना यात खरी गंमत येते. इंजिनाचा आवाज आणि गाडीचा वेग यांचं नातं या एका क्रियेत उलगडतं.

पॉवर स्टिअरिंग नसल्यामुळे उभ्या गाडीत चाक वळवायला ताकद लागते. गाडी किंचित पुढे-मागे सरकत असताना स्टिअरिंग फिरवायचं, ही युक्ती पहिल्याच दिवशी सांगा. ताकदीचा प्रश्न निम्म्यानं मिटतो. ब्रेकच्या बाबतीत उलट सावधपणा हवा. एबीएसवाल्या नव्या गाडीच्या सवयीनं अंतर राखलं, तर जुनी गाडी वेळेवर थांबत नाही. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवायला लावा.

शेजारच्या सीटवरचा माणूस

बहुतेक घरांतल्या शिकवण्या गिअरबॉक्समुळे मोडत नाहीत, संवादामुळे मोडतात. एरवी गोड बोलणारा नवरा डाव्या सीटवर बसला, की ‘अगं, अगं, अगं!’ करू लागतो. पायानं नसलेला ब्रेक दाबतो. डॅशबोर्ड पकडतो. गिअर खरखरला, की डोळे मिटतो. यातलं एकही दृश्य शिकणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

निघण्यापूर्वी काही गोष्टी ठरवून घ्याव्यात. सूचना गाडी उभी असतानाच द्यायच्या. चालत्या गाडीत फक्त तीन शब्द चालतील : ‘थांब’, ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’. गाडी बंद पडली, तर ‘परत चालू कर’ एवढंच म्हणायचं, कारण शोधायला पुढे वेळ आहे. ‘मी पहिल्यांदा चालवली तेव्हा...’ ही गोष्ट त्या दिवशी सांगायची नाही. एका बैठकीला अर्धा तास पुरे. पाय थरथरू लागल्यावर शिकवलेलं डोक्यात राहत नाही. आणि घरी आल्यावर सासूबाईंसमोर, मुलांसमोर किंवा मित्रांच्या ग्रुपवर त्या सकाळचा अहवाल द्यायचा नाही, कौतुकाचासुद्धा नाही. तो द्यायचा की नाही, हे जिनं गाडी चालवली तिनं ठरवावं.

हे जमणार नसेल, तर दुसऱ्याला शेजारी बसवा. नणंद, दीर, एखादा शांत मित्र, जुन्या गाड्यांवर हात बसलेला मेकॅनिक, कुणीही चालेल. मालकानं मागच्या सीटवरही बसू नये. घरी थांबून पोहे करावेत.

ओरखड्याबद्दल आधीच स्पष्ट बोललेलं बरं. ‘काही होत नाही गं’ या मोघम वाक्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. ‘बंपरला लागलं तर आपण ठोकून घेऊ, त्यासाठी पैसे बाजूला ठेवलेत’ हे ठोस वाक्य जास्त काम करतं. आणि खरोखर लागलंच, तर त्या क्षणी मालकाच्या चेहऱ्यावर काय दिसतं, त्यावर पुढची शिकवणी अवलंबून असते.

तळघराचा रॅम्प

इथल्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांची अवघड परीक्षा रस्त्यावर नसते, सोसायटीच्या रॅम्पवर असते. सिमेंटचा उभा चढ, वर सिक्युरिटीचा बूम, मागे कुणाची तरी घाईतली गाडी. नव्या गाड्यांत हिल होल्ड असतो. इथे हँडब्रेकच मदतीला असतो.

क्रम असा : हँडब्रेक घट्ट ओढून ब्रेकवरून पाय काढायचा. पहिला गिअर टाकायचा. थोडी रेस देत क्लच उचलायचा. इंजिनाचा आवाज जड झाला आणि बॉनेट किंचित वर आलं, की हँडब्रेक सोडायचा. अर्थात हँडब्रेक गाडीला चढावर धरून ठेवतो की नाही, हे मालकानं आधी स्वतः तपासावं. सराव फेज थ्रीकडच्या एखाद्या मंद चढावर करावा, रॅम्पवर शेवटी यावं. पहिल्या काही वेळा वॉचमनला सांगून बूम उघडा ठेवायला आणि मागची गाडी थांबवायला लावा.

पार्काबाहेर

रस्ता आणि रॅम्प दोन्ही जमले, की पहिला प्रवास छोटा ठेवा. मारुंजी, नेरेमार्गे कासारसाई धरणापर्यंत जाऊन परत येणं पुरेसं आहे. पुढचा टप्पा माणहून घोटावडे, तिथून पौड आणि मुळशी. ताम्हिणी घाट त्यानंतर आणि पावसाळ्यात मुळीच नको. जुने वायपर आणि धुकं यांचं जमत नाही. घाट उतरताना ड्रम ब्रेक सतत दाबून ठेवले, की तापतात आणि धरेनासे होतात. म्हणून ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतार उतरायचा.

गाडी बंद पडण्याची तालीमही घरीच करून घ्यावी. एप्रिल-मेच्या उन्हात गर्दीत उभी राहून पेट्रोलची वाफ झाली, की इंजिन गप्प होतं. तेव्हा सेल्फ मारत बसून बॅटरी उतरवू नये. गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडावं, पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवावं आणि वाट पाहावी. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडू नये. फॅनबेल्ट, फ्यूज, प्लग पाना, पाण्याची बाटली आणि परावर्तक त्रिकोण डिकीत कुठे आहेत, हे चालवणाऱ्याला माहीत हवं.

आणि एवढं सगळं करूनही ती म्हणाली, ‘मला नाही आवडत,’ तर विषय तिथे संपवावा. आवड लादली, की चावी पुन्हा खिळ्यालाच लटकते. पण ‘आवडत नाही’ आणि ‘तुझ्यासमोर आवडत नाही’ यांत फरक असतो. तो ओळखायचा एकच मार्ग आहे : एका सकाळी तिला एकटीला किंवा मैत्रिणीबरोबर गाडी नेऊ द्यावी आणि परत येईपर्यंत फोन करू नये.

ती नेऊ लागली, की हळूहळू बाकीचंही तिच्याकडे जाऊ द्या. दुसरी चावी तिच्या पर्समध्ये, मेकॅनिकचा नंबर तिच्या फोनमध्ये. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही १९१९पासूनची संस्था फक्त महिलांसाठीची रॅलीही भरवत आली आहे. हौस वाढली, तर तिकडे चौकशी करता येईल. त्याआधी पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी तिनंच घेऊन जावी. ‘साहेब नाही आले?’ असं मेकॅनिक विचारेलच, आणि कदाचित कार्बोरेटरचं काय करायचं हे विचारायला मालकाला फोनही लावेल. त्या फोनवर मालकानं ‘गाडी तिनं आणलीय, तिलाच विचारा’ एवढं सांगून फोन ठेवावा.